विज्ञानकथा मासिकाला पाठवायची आहे? आधी सहा नावांची यादी करा

कथा लिहून झाली, दोघा-तिघांनी वाचली, शेवट एकदा बदलूनही झाला. आता तीच फाइल रोज उघडून स्वल्पविराम इकडचे तिकडे करत बसू नका. एक कोरं पान घ्या आणि त्यावर सहा मासिकांची नावं लिहा, ज्या क्रमानं कथा पाठवायची त्या क्रमानं. पहिल्या मासिकाला कथा जाण्याआधी हे पान तयार हवं. कथा साभार परत येते त्या संध्याकाळी डोकं ठिकाणावर नसतं. तेव्हा "आता कुठे पाठवू?" असा विचार करायला बसलात की मन हमखास "कुठेच नको" म्हणतं. यादी असली की विचारच करावा लागत नाही. पुढचं नाव बघायचं आणि पाठवून मोकळं व्हायचं. माझ्या दोन कथा यादी नव्हती एवढ्याच कारणानं वर्षभर कंप्युटरमध्ये पडून राहिल्या. त्यातली एक पुढे तिसऱ्या मासिकानं घेतली, एक शब्दही न बदलता.

इथे मी इंग्रजीतल्या विज्ञानकथा मासिकांबद्दल लिहितोय. तिथे कुठल्याही देशातल्या लेखकाची कथा वाचली जाते, नियम सगळ्यांना दिसतील असे मांडलेले असतात आणि मानधन शब्दांवर मिळतं. ओळखपाळख लागत नाही. नियम मात्र बारीक असतात, आणि नवखे लेखक बहुतेक वेळा कथेत मार खाण्याआधी तिथेच मार खातात.

यादीत कोण बसतं

शोधायला सुरुवात ‘सबमिशन ग्राइंडर’ या संकेतस्थळापासून करा. २०१३ पासून चालू असलेली ही फुकट सोय आहे. कथेचा प्रकार, शब्दसंख्या आणि किमान मानधन टाकलं की सध्या कोण कथा घेतंय ते समोर येतं, आणि इतर लेखकांना उत्तर किती दिवसांत आलं तेही दिसतं. ‘ड्युओट्रोप’वरही हेच काम होतं, पण त्याला वर्गणी पडते. सुरुवातीला तिची काही गरज नाही.

मानधनाचं माप म्हणून एक आकडा लक्षात ठेवा. विज्ञानकथा-अद्भुतकथा लेखकांची ‘सिफवा’ ही संघटना १९६५ मध्ये सुरू झाली. तिनं व्यावसायिक दर म्हणून २०१९ मध्ये शब्दाला ८ सेंट ही पातळी ठरवली. म्हणजे ४,००० शब्दांच्या कथेचे ३२० डॉलर. ‘क्लार्क्सवर्ल्ड’ त्याहून जास्त देतं. या पैशावर कुणाचं घर चालत नाही, पण दर पाहिला की मासिक लेखकाला किती गंभीरपणे घेतं ते कळतं.

नावं कुठली? ‘अ‍ॅनालॉग’ १९३० पासून आहे (तेव्हा नाव वेगळं होतं), ‘असिमोव्ह्ज’ १९७७ पासून, ब्रिटनमध्ये सुरू झालेलं ‘इंटरझोन’ १९८२ पासून. पुढच्या पिढीत ‘स्ट्रेंज होरायझन्स’ २०००, ‘क्लार्क्सवर्ल्ड’ २००६, ‘लाइटस्पीड’ २०१० आणि ‘अनकॅनी’ २०१४. यातली काही मासिकं वर्षातले ठरावीक दिवसच दार उघडतात, म्हणून यादीत नावासमोर त्या तारखाही लिहून ठेवा.

क्रम वरून खाली लावायचा. जिथे कथा आल्याचा सर्वांत जास्त आनंद होईल ते मासिक पहिलं. "मी नवीन, आधी छोट्या ठिकाणी पाठवतो" हा नम्रपणा अंगलट येतो. कथा एकदा छापली गेली की तिचा ‘प्रथम प्रसिद्धी’चा हक्क संपला, आणि मोठ्या मासिकांना नेमका तोच हवा असतो. तुमच्या कथेला नकार द्यायचं काम संपादकाचं आहे. ते तुम्ही आधीच घरबसल्या उरकून टाकू नका.

पण वरून खाली याचा अर्थ डोळे मिटून नव्हे. यादीतल्या प्रत्येक मासिकाच्या निदान तीन-चार कथा वाचा. ‘क्लार्क्सवर्ल्ड’ आणि ‘स्ट्रेंज होरायझन्स’ यांच्या कथा ऑनलाइन फुकट वाचता येतात, तेव्हा पैशाची सबब चालणार नाही. ‘अ‍ॅनालॉग’ची अट स्पष्ट आहे: कथेतलं विज्ञान काढून घेतलं तर कथा कोसळली पाहिजे. मंगळावरच्या वसाहतीत घडणारी नवरा-बायकोची भांडणं जर पृथ्वीवरच्या कुठल्याही फ्लॅटमध्ये तशीच घडू शकत असतील, तर ती कथा तिकडे पाठवून दोन महिने घालवू नका. दुसरीकडे तिचं स्वागतही होईल.

नियमावली दोनदा वाचा, दुसऱ्यांदा पेन घेऊन

प्रत्येक मासिकाचं एक नियमांचं पान असतं. ते वाचलं असं सगळेच म्हणतात. निदान पुढच्या गोष्टी तरी स्वतःच्या हातानं टिपून घ्या.

शब्दमर्यादा. विज्ञानकथा-अद्भुतकथांच्या ह्यूगो पुरस्काराच्या वर्गवारीप्रमाणे ७,५०० शब्दांच्या आतली ती लघुकथा, तिथून १७,५०० पर्यंत नॉव्हेलेट आणि ४०,००० पर्यंत नॉव्हेला. मासिकांच्या मर्यादा वेगवेगळ्या असतात. ‘क्लार्क्सवर्ल्ड’ १,००० ते २२,००० शब्द घेतं. ही मर्यादा दोनशे शब्दांनी ओलांडूनही "बघू, चालेल" म्हणू नका. नवख्यानं ३,००० ते ५,००० शब्दांत राहावं असं माझं मत आहे. वीस पानं व्यापणारी कथा घ्यायची तर संपादकाला एखाद्या ओळखीच्या नावाची जागा तुम्हाला द्यावी लागते.

एकाच वेळी अनेक ठिकाणी. तीच कथा एकाच वेळी दोन मासिकांकडे देणं म्हणजे ‘सायमलटेनियस सबमिशन’. विज्ञानकथेच्या जगात बऱ्याच मोठ्या मासिकांना ते चालत नाही. एका मासिकाला एकाच वेळी दोन कथा पाठवणं म्हणजे ‘मल्टिपल सबमिशन’, आणि तेही सहसा चालत नाही. वेगवेगळ्या कथा वेगवेगळ्या मासिकांकडे एकाच वेळी असायला मात्र कुणाची हरकत नसते. म्हणूनच एक कथा बाहेर गेली की दुसरी लिहायला घ्यायची.

आधी प्रसिद्ध झालेली कथा. ब्लॉगवर टाकलेली, फेसबुकवर सगळ्यांसाठी खुली ठेवलेली कथा बहुतेकांच्या लेखी ‘प्रसिद्ध’ झालेली असते. चार लाइक मिळतात आणि प्रथम हक्क जातो. टीका-टिप्पणीसाठी बंद गटात, पासवर्डच्या आड दाखवलेली कथा सहसा त्यात मोजत नाहीत.

नकोशा विषयांची यादी. हे वाचताना हसू येतं आणि मग आपलीच कथा आठवून ते विरतं. बोलणाऱ्या मांजरी, बोलणाऱ्या तलवारी, मैदानात खेळणाऱ्या मुलांना अचानक काहीतरी सापडणं (परग्रहावरचं यान असो की प्रेत), हे सगळं आमच्याकडे खपवणं अवघड आहे असं ‘क्लार्क्सवर्ल्ड’नं लिहून ठेवलंय. ‘स्ट्रेंज होरायझन्स’नंही वारंवार येणाऱ्या कथानकांची भलीमोठी यादी दिली होती. शेवटी सगळं स्वप्न किंवा आभासी जग होतं असं निघणं तिच्यात होतं, आणि काही सुचेनासं झालेला लेखक हा नायकसुद्धा होता. तुमची कथा यात बसत असली तरी लगेच फाडून टाकू नका, पण ती पहिली पाठवायची कथा नव्हे.

यंत्रानं (म्हणजे एआयनं) लिहिलेला मजकूर. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘क्लार्क्सवर्ल्ड’कडे यंत्रलिखित कथांचा एवढा लोंढा आला की संपादक नील क्लार्क यांना २० तारखेला कथा स्वीकारणंच थांबवावं लागलं. तोवर त्या एका महिन्यात अशा पाचशेच्या आसपास कथा आल्या होत्या. पुढच्या महिन्यात दार उघडलं, पण तेव्हापासून बऱ्याच ठिकाणी याबद्दल कडक नियम आले. काही ठिकाणी यंत्राची ‘मदत’सुद्धा चालत नाही आणि सापडलात तर पुढच्या कथाही बाद. मराठीत लिहून यंत्राकडून इंग्रजी करून घ्यायचा मोह होणाऱ्यांनी ही ओळ पुन्हा वाचावी.

मराठीतली कथा असेल तर

मुळात मराठीत लिहिलेली कथा माणसानं केलेल्या अनुवादातून पाठवता येते. ‘क्लार्क्सवर्ल्ड’ अनुवादित कथा नियमित छापतं. ‘स्ट्रेंज होरायझन्स’चं ‘समोवार’ हे २०१७ पासूनचं भावंड तर खास अनुवादासाठीच आहे, आणि तिथे मूळ भाषेतला मजकूरही इंग्रजीसोबत छापतात. म्हणजे कथा देवनागरीतही दिसू शकते. अनुवाद दुसऱ्यानं केला असेल तर मानधनाची वाटणी पाठवण्याआधी मेलवर लिहून ठरवा. जिवलग मित्र असेल तर आधी ठरवा. कथा मराठीत आधी छापून आली असेल तर ते लपवू नका, पत्रात एका वाक्यात सांगा. इंग्रजीत ती पहिल्यांदाच येतेय एवढं बऱ्याच ठिकाणी पुरतं.

स्वतः थेट इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी कथेतल्या मराठी शब्दांचा कोश शेवटी जोडायच्या भानगडीत पडू नये. परग्रहावरच्या प्राण्यांची अशक्य नावं पचवणारा वाचक ‘आत्या’ही पचवतो.

हस्तलिखिताचं रूप

इथे कल्पकता दाखवायची नाही. लेखक विल्यम शन यांचा हस्तलिखिताचा नमुना या क्षेत्रात प्रमाण मानतात. तो शोधून समोर ठेवा आणि तसंच्या तसं करा. टाइम्स न्यू रोमन किंवा कुरियर, १२ पॉइंट, ओळींत दुप्पट अंतर, चारही बाजूंना एक इंच समास. पहिल्या पानावर डावीकडे वर नाव आणि संपर्क, उजवीकडे जवळच्या शंभरात धरलेली शब्दसंख्या. पुढच्या प्रत्येक पानावर आडनाव, शीर्षकातला एखादा शब्द आणि पान क्रमांक. प्रसंग बदलला की ओळीच्या मधोमध एक # चिन्ह. नुसती मोकळी ओळ सोडली तर फाइल इकडून तिकडे जाताना ती गायब होते आणि दोन प्रसंग एकमेकांत घुसतात.

काही मासिकं नाव झाकून वाचतात. त्यांना पाठवताना नाव फक्त पहिल्या पानावरून पुसून भागत नाही. ते पानांच्या शीर्षपट्टीत असतं, फाइलच्या नावात असतं आणि फाइलच्या माहितीत ‘ऑथर’ म्हणूनही बसलेलं असतं. हा खटाटोप आपल्याला नवा नाही. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेला जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं कथा पाठवली होती, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली होती. बक्षीस जगतापांना मिळालं.

माझी फजिती वेगळी. एकदा कथा पाठवली ती मैत्रिणीच्या समासातल्या शेऱ्यांसकट. सातव्या पानावर तिनं लिहिलं होतं, "इथे मला जांभई आली." संपादकांचं उत्तर आलं ते ठरीव, दोन ओळींचं, पण त्यांना ते सातवं पान उघडावं लागलं असेल का, हे अजून मनात येतं. तेव्हापासून मी अंतिम फाइल नव्या नावानं जतन करतो, बंद करतो, दुसऱ्या कंप्युटरवर उघडतो आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसती चाळतो. पाच मिनिटं लागतात.

सोबतचं पत्र

नवखे लेखक यावर दोन दिवस घालवतात. पंधरा मिनिटं पुरे. मजकूर साधारण असा:

"नमस्कार. सुमारे ४,२०० शब्दांची माझी विज्ञानकथा विचारार्थ पाठवत आहे. ती याआधी कुठेही प्रसिद्ध झालेली नाही आणि सध्या दुसऱ्या कुणाकडे विचारात नाही. वेळ दिल्याबद्दल आभार."

शीर्षक आणि नाव घाला, झालं. आधी काही छापून आलं असेल तर त्यातली दोन-तीन नावं. नसेल तर गप्प राहा, "ही माझी पहिलीच कथा" असं सांगायची गरज नाही. कथेचा सारांश नको, कथा कशावरून सुचली ते नको, ‘माझ्या मित्रांना फार आवडली’ तर मुळीच नको. कथा रेडिओ दुर्बिणीच्या कामाबद्दल आहे आणि तुम्ही तिथे नोकरी केली आहे, असं असेल तर ते एक वाक्य जरूर लिहा.

मग वाट पाहणं

बहुतेक मासिकं ‘मोक्ष’ किंवा ‘सबमिटेबल’ अशा प्रणालीतून कथा घेतात. (‘मोक्ष’ नाव कुणी ठेवलं असेल त्याला नमस्कार.) पाठवल्यावर पोच येते. ती जपून ठेवा आणि एका तक्त्यात लिहा: कथा, मासिक, पाठवल्याची तारीख, उत्तर, उत्तराची तारीख. एवढे पाच रकाने पुरतात.

‘क्लार्क्सवर्ल्ड’चं उत्तर बऱ्याचदा काही दिवसांतच येतं. इतरांकडून दोन-तीन महिने काहीच ऐकू येणार नाही. नियमावलीत जो कालावधी दिला असेल तो उलटेपर्यंत विचारणा करायची नाही, आणि उलटल्यावर करायला लाजायचं नाही. विचारणा दोन ओळींत करावी: कथेचं नाव, पाठवल्याची तारीख, अजून विचारात आहे का.

मोठ्या मासिकाकडे महिन्याला हजाराच्या घरात कथा येतात आणि छापतात ते बोटांवर मोजण्याएवढ्या. हा ढीग, त्याला ‘स्लश’ म्हणतात, बहुतेक ठिकाणी आधी साहाय्यक वाचक उपसतात. ते कथा शेवटपर्यंत वाचतीलच असं नाही. म्हणून कथेचं पहिलं पान पुन्हा तपासा. नायक झोपेतून उठतो आणि खिडकीतून दोन सूर्य बघतो, ही सुरुवात त्यांनी या आठवड्यातच चारदा वाचलेली असते. दोन शास्त्रज्ञ एकमेकांना दोघांनाही ठाऊक असलेलं विज्ञान समजावून सांगतात, तिथे फाइल मिटते. या दोषाला इंग्रजी कार्यशाळांत खास नाव आहे, "तुला ठाऊकच आहे, बॉब".

साभार परत

नकाराचे प्रकार ओळखायला शिका. सगळ्यांना जातो तो ठरीव मजकूर. त्यातून काही अर्थ काढू नका, ‘सध्या आमच्या गरजेत बसत नाही’ म्हणजे तेवढंच. कधी त्यात ‘पुढची कथा जरूर पाठवा’ असं असतं. ते सगळ्यांना लिहीत नाहीत, तेव्हा पुढची खरंच पाठवा. तुमच्या कथेतल्या एखाद्या पात्राचं नाव घेऊन दोन ओळी लिहिल्या असतील तर कुणीतरी वेळ काढलाय, त्या दिवशी चहा जास्त गोड लागायला हरकत नाही. आणि ‘शेवट बदलून पुन्हा पाठवाल का?’ असं आलं तर हातातलं काम टाका, पण घाईनं दोन तासांत परत धाडू नका. आठवडाभर घ्या.

नकाराला उत्तर द्यायचं नसतं. आभाराचंसुद्धा नाही. वादाचं तर कधीच नाही.

अमेरिकन विज्ञानकथा-लेखक रॉबर्ट हाइनलाइन यांनी १९४७ मध्ये लेखकांसाठी पाच नियम लिहिले: लिहा, लिहिलेलं पूर्ण करा, संपादकानं सांगितल्याशिवाय फेरलेखन करू नका, बाजारात पाठवा, आणि विकली जाईपर्यंत बाजारात ठेवा. तिसऱ्यावरून आजही भांडणं होतात. मला तो शब्दशः पटत नाही, कारण माझे पहिले खर्डे भयंकर असतात. पण प्रत्येक नकारानंतर कथा उसवायची नाही, एवढा अर्थ घेतला तर तो सोन्यासारखा आहे. दोन वेगवेगळ्या संपादकांनी एकाच जागी बोट ठेवलं तरच मी फाइल उघडतो. एरवी तक्त्यात तारीख टाकायची, यादीतलं पुढचं नाव बघायचं, त्यांच्या नियमाप्रमाणे फाइलचं रूप बदलायचं आणि त्याच दिवशी पाठवायची. सहाही नावं संपली तर आणखी सहा.

होकार आला तर

आनंद करा, पण सही करण्याआधी करार वाचा. मासिकाला साधारणपणे इंग्रजीतले प्रथम प्रसिद्धीचे हक्क हवे असतात, छापील किंवा ऑनलाइन, आणि ठरावीक महिन्यांची मक्तेदारी, म्हणजे तोवर कथा दुसरीकडे द्यायची नाही. ध्वनिरूप आणि वार्षिक संग्रह यांचा उल्लेख असेल तर त्याचे वेगळे पैसे आहेत का ते बघा. ‘सर्व हक्क’ असं दिसलं की थांबा. चित्रपटाचे हक्क, पात्रांवरचा हक्क किंवा लेखक म्हणून नाव लावण्याचा नैतिक हक्क सोडून देण्याचं कलम असेल तर नम्रपणे ते काढायला सांगा. बदल सुचवला म्हणून होकार मागे घेणारं मासिक मी अजून पाहिलेलं नाही. पैसे स्वीकारल्यावर मिळणार की छापल्यावर, आणि वर्ष-दीड वर्षात छापलीच नाही तर कथा परत तुमची होते का, हेही त्यातच शोधा.

वाचनासाठी, छपाईसाठी किंवा ‘संपादन खर्चा’साठी लेखकाकडे पैसे मागणारं मासिक यादीतून सरळ खोडा. या क्षेत्रात पैसा लेखकाकडे येतो, लेखकाकडून जात नाही. शंका आली तर सिफवाचं ‘रायटर बिवेअर’ बघा. १९९८ पासून ते असल्या सापळ्यांची नोंद ठेवतंय.

पैसे बहुधा पेपॅलनं येतात, तेव्हा खातं आधीच उघडून ठेवा. अमेरिकेतलं मासिक कधी डब्ल्यू-८ बीईएन हा कराचा फॉर्म मागतं. तुम्ही अमेरिकेचे नागरिक किंवा रहिवासी नाही एवढं सांगणारा तो कागद आहे, घाबरू नका. मग दोन ओळींचा परिचय मागतील, संपादित प्रत पाठवतील. ती प्रत सावकाश वाचा, पण या टप्प्यावर परिच्छेदच्या परिच्छेद नव्यानं लिहायला घेऊ नका.

तक्त्यात आता सहावा रकाना वाढवा: मक्तेदारी संपण्याची तारीख. त्या तारखेनंतर हीच कथा पुनर्मुद्रणासाठी दुसरीकडे जाऊ शकते. २००५ पासून चालणारं ‘एस्केप पॉड’ हे ध्वनिमासिक आधी छापलेल्या कथाही घेतं. दर कमी असतो, पण कथा आधीच लिहून झालेली असते.